देवाच्या आधीचं भरीत

धुळ्याला आम्ही भाड्याच्या घरात राहायचो. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा, पण मागे मोठं परस होतं, आणि नानांनी घर घेतलं ते परस बघून. नाना म्हणजे माझे वडील. ते कोर्टात कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणांच्या नकला उतरवायच्या, घरी आलं की पगडी खुंटीला अडकवायची आणि थेट परसात जायचं. मायला त्यांनी कधी ‘आज तुझं कसं आहे’ म्हणून विचारलेलं मला आठवत नाही. वांग्याच्या झाडांना मात्र ते रोज विचारायचे.

न्हाणीचं पाणी दांडानं वाफ्यांत जायचं. मेथी, चुका, लसूण, कुंपणावर वालाचा वेल, सगळं होतं, पण नानांचा जीव वांग्यांत. भरताची वांगी, फिकट हिरवी, अंगावर पांढऱ्या रेघा, एकेक तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढं. बी पारोळ्याकडच्या आमच्या गावाहून यायचं, नानांच्या थोरल्या भावाकडून. त्यांना आम्ही मोठे आबा म्हणायचो.

खानदेशच्या उन्हाळ्याचं सगळे बोलतात, थंडीचं कुणी बोलत नाही. कार्तिक-मार्गशीर्षात सातपुड्याकडून वारा सुटला की तो गोधडीतही शिरतो. नाना वाफ्याच्या वाऱ्याकडच्या अंगाला कपाशीच्या काड्यांचा कूड घालायचे. संध्याकाळी प्रत्येक झाडाभोवती चार काटक्या रोवून वरून गोणपाट टाकायचं, आणि सकाळी ऊन अंगावर आलं की काढायचं. माय चुलीपुढून बघायची आणि म्हणायची, “पोरीले कधी पांघरूण टाकं नही, वांगासले टाकतस.” नानांना ते ऐकू जायचं. ते हसायचे, पण गोणपाट काही चुकायचं नाही.

आमचं कुलदैवत खंडोबा. आषाढातल्या कांदेनवमीला शेवटचं वांगं खायचं, त्यानंतर थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला. त्या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच आपण तोंडाला लावायचं. अडचण एवढीच, की झाडाला पंचांग कळत नाही. कार्तिकातच आमची झाडं लगडून जायची. शेजारी भरताचा वास सुटायचा, आणि आमच्या परसात वांगी लोंबत असताना ताटात वरण. पहिल्या धरलेल्या वांग्यांच्या देठांना नाना हळदीचा दोरा बांधायचे. ती देवाची. बाकीची शेजाऱ्यांना वाटून टाकायचे, पण घरात एक फोड शिजू द्यायचे नाहीत. आमच्या पणजोबांनी म्हणे एका वर्षी हा नेम मोडला आणि त्यांचा एक डोळा गेला. मला विचाराल तर त्यांना मोतीबिंदू झाला असावा. पण मला कुणी विचारलं नाही.

पहिली मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी परकर नेसायचे. त्या वर्षी कार्तिक लागताच नानांना हिवताप धरला. एक दिवस ताप, एक दिवस मोकळा. तापाच्या दिवशी दुपारी हुडहुडी भरायची, घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या तरी बाज हलायची, मग अंग तव्यासारखं व्हायचं आणि ते बरळायला लागायचे. दवाखान्यातल्या कोयनेलनं तोंड कडू झालेलं. पेज द्या, दूध द्या, मुगाचं कढण द्या, आत गेलं की बाहेर. बघता बघता माणसाची काठी झाली.

परस आमच्या दोघींच्या गळ्यात पडलं. मोकळ्या दिवशी नाना बाजेवरून विचारायचे, “गोणपाट टाकलं का? पाणी सकाळी घाला, संध्याकाळी घालू नका, मुळं गारठतात.” आम्ही सगळं सांगितल्यासारखं करायचो. तरी एका रात्री वारा असा सुटला की गोणपाटं उडून कुंपणाला लागली, आणि सकाळी कडेच्या ओळीची पानं काळी पडून लोंबत होती. मायनं आपलं जुनं लुगडं फाडून उरलेल्या झाडांवर बांधलं. माणूस आजारी असला तर निदान कपाळावर हात तरी ठेवता येतो. झाडाचं काय करायचं ते आम्हांला कळत नव्हतं. नानांना आम्ही काळ्या पानांचं सांगितलं नाही.

मग एका तापाच्या दुपारी त्यांनी भरीत मागितलं.

नाना गावाकडची बोली शहरात आल्यावर विसरले होते. निदान आम्हांला तसं वाटायचं. कोर्टात चालते तशीच मराठी ते घरात बोलायचे आणि मी ‘आहे’च्या जागी ‘शे’ म्हटलं की डोळे वटारायचे. त्या दुपारी ते मायचा हात धरून लहान मुलासारखे म्हणाले, “भूक लागनी वं माय. माले भरीत दे ना. काड्यासवर भुंजेल दे.” आधी आम्हांला वाटलं, मी म्हणते म्हणून तेही तिला माय म्हणताहेत. मग कळलं की ते मायला आपली आई समजताहेत, आणि त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली होती ते त्यांनाच ठाऊक.

इतक्या दिवसांत त्यांनी खायला मागितलं ते हे एवढंच.

दुसऱ्या दिवशी ताप नव्हता. मायनं भीत भीत सांगितलं, तुम्ही काल भरीत मागत होता. नाना उठून बसले. एवढी शक्ती त्यांच्यात होती हे आम्हांला माहीत नव्हतं. “तापात मी काहीही मागेन,” ते म्हणाले, “तू द्यायचं नाही. चंपाषष्ठी अजून लांब आहे. देवघरातला भंडारा आण.” मायनं भंडाऱ्याची वाटी आणली. त्यांनी तिला त्यावर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं. मग दमून आडवे झाले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, “मी मेलो तरी चालेल, पण मला नेम मोडून मरू देऊ नकोस.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा ताप, पुन्हा तेच. “दे ना वं माय. बठ्ठासनी खादं, माले एकलालेच नही दिन्हं.” सगळ्यांनी खाल्लं आणि एकट्यालाच मिळालं नाही, अशी लहान पोराची तक्रार. माय भिंतीकडे तोंड करून बसली. एक दिवसाआड बाजेवर दोन वेगळी माणसं निजत होती, आणि एकाचं ऐकलं की दुसऱ्याचा घात. मी तिला म्हटलं, शेजारी विचारू का? ती म्हणाली, “काय इचारशी?” खरंच, काय विचारणार होते?

वैद्यबुवा आले. नाडी धरून बराच वेळ बसले. ओट्यावर येऊन मायला म्हणाले, “बाई, पोटात अन्न गेलं नाही तर पुढचा ताप हा माणूस काढणार नाही. मन जाईल ते द्या. पथ्य आता जिवंत माणसाचं बघायचं.” मायनं नेम सांगितला, शपथ सांगितली. वैद्यबुवांनी जोडे घातले. “ते मी कसं सांगू?” एवढं म्हणून ते गेले. मला त्यांचा फार राग आला. अजूनही येतो. ज्याला काही सांगता येत नाही तोच नेमका नाडी धरायला येतो.

पुढच्या तापाच्या दुपारी माय परसात गेली. हळदीच्या दोऱ्याच्या वांग्यांना तिनं हात लावला नाही. मागच्या ओळीतलं, लुगड्याच्या चिंधीखालचं एक तोडलं. कुडाच्या चार काड्या मोडून तिनं कोपऱ्यात जाळ केला, वास बाहेर जाऊ नये म्हणून धुरात ओला पाला टाकला, आणि वांगं भाजलं. लाकडी बडगीत लसूण घालून ते घाईघाईनं ठेचलं. मिरची नावाला, वर कांद्याची पात. मला म्हणाली, “तू काही पाहेल नही.”

तिनं नानांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटानं भरीत त्यांच्या तोंडात लावलं. त्यांनी डोळे मिटूनच खाल्लं. आणखी मागितलं. खाता खाता म्हणाले, “माय, तू गयी व्हती ना?” तेव्हा मायच्या डोळ्यांतून पाणी पडायला लागलं. ती म्हणाली, “नही रे बाबा, आठेच शे मी.” आई इथेच आहे हे ऐकून त्यांनी सगळं खाल्लं आणि झोपले. त्या दिवशी पोटातलं अन्न पोटात राहिलं.

वैद्यबुवांचं औषध म्हणा, कोयनेल म्हणा, ताप पुढच्या पाळीला हलका आला आणि त्याच्या पुढच्या पाळीला आलाच नाही. नाना पेज घेऊ लागले. एक दिवस त्यांना धरून परसात उन्हात बसवलं. त्यांनी एकेका झाडावरून नजर फिरवली. काळ्या पानांवरून ती पुढे सरकली. मागच्या ओळीत मात्र त्यांची नजर थांबली. “इथलं एक काढलंय.” माय म्हणाली, “किडेल व्हतं, फेकी दिन्हं.” नाना म्हणाले, “बरं केलंस.” माय घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

चंपाषष्ठीला मोठे आबा गावाहून आले. शेजारपाजारची माणसं तळी उचलायला जमली. नाना पाटावर बसले, अंगात बाराबंदी अशी लोंबत होती, जणू दुसऱ्याचीच. देवाची वांगी काड्यांवर भाजली, भरीत झालं, रोडगे झाले, नैवेद्य दाखवला, येळकोट झाला. प्रसाद आधी थोरल्याला द्यायचा, म्हणून मोठ्या आबांनी हात पुढे केला. पण नानांनी पहिला घास उचलला तो मायकडे धरला. एवढ्या माणसांत. ते बायकोशी चारचौघांत बोलतही नसत.

“तापात मी काय काय मागत होतो,” ते सगळ्यांना म्हणाले. “मला शुद्ध नव्हती. पण हिनं माझा शब्द मोडला नाही. मी मरत होतो तरी हिनं देवाच्या आधी मला दिलं नाही. म्हणून देवानं मला ठेवलं.” आणि मायला म्हणाले, “घे. हा तुझा मान.”

मायला त्यांनी जन्मात दिलेली शाबासकी ही एवढीच. ती पदराखालून हात काढीना. सगळ्यांना वाटलं लाजली. मोठे आबा हसून म्हणाले, “घे वं, घे.” तिनं घास घेतला आणि गिळला. मी समोरच होते.

पंगत उठल्यावर ती परसात खरकटी भांडी घासत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, माय, सांगून टाक ना. तू दिलंस म्हणून तर नाना वाचले. तिनं राखेचा हात थांबवला. “सांगं तर त्यासना देव जाई,” ती म्हणाली, “नही सांगं तर मना.” मग पुन्हा भांडी घासायला लागली. त्यांचा नाहीतर तिचा, एक देव जाणारच होता. मी बादली उचलून दिली.

ती गोष्ट नानांना फार आवडली. त्यांनी ती जन्मभर सांगितली. कोर्टातल्या मंडळींना सांगितली, माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितली, नातवंडांना मांडीवर घेऊन सांगितली. सांगता सांगता ती वाढली. तापात आपण मायच्या पाया पडलो, तरी ती ढळली नाही, असंही त्यात आलं. आणि शेवटी दरवेळी स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारायचे, “खरं की नाही?” आतून मायचा आवाज यायचा, “हो.” एखाद्या वर्षी झाडांना कीड लागली, थंडीनं कडेची ओळ गेली, की ती देवघरापुढे जाऊन बसायची. नाना दुकानातून औषध आणून शिंपडायचे. ती मनात काय म्हणायची ते मला कळायचं. नवरा वाचवला म्हणून बाईला आयुष्यभर चोरासारखं राहावं लागतं, याचा संताप कुणावर काढायचा? देवावर काढावा तर ती मला देवाला नावं ठेवू देत नव्हती.

दुसरी लढाई संपायच्या सुमारास नाना गेले, म्हातारे होऊन, झोपेत. दुखवट्याला माणसं आली. मोठे आबा फार थकले होते, भिंतीला टेकून बसले होते. कुणीतरी म्हटलं, माणूस नेमाचा होता. लगेच मोठ्या आबांनी ती गोष्ट काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, नाना सांगायचे तशीच. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या मायकडे वळून त्यांनी विचारलं, “खरं शे ना वं?”

माय म्हणाली, “नही.”

ती थोरल्या दिरासमोर कधी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सावरून ती खाली बघत म्हणाली, “मी देयेल व्हतं त्यासले. चंपाषष्ठीना पहिले. मना हातथीन देयेल व्हतं.” बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकजण हळूच म्हणाली, दुःखानं भांबावली बिचारी. दुसरी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी पुढे झाले. म्हटलं, “ती खरं सांगतेय. मी तिथे होते. मी बघितलंय.”

मोठ्या आबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं. “पोरी,” ते म्हणाले, “गयेल माणूसले खोटा पाडू नही. तो इतला वरीस सांगत ऱ्हायना, तो काय खोटं सांगी?” आणि मायला समजावत, लहान मुलाला विचारावं तसं, त्यांनी पुन्हा विचारलं, “खरं शे ना वं?”

मायनं माझा हात धरून मला खाली बसवलं. “हा,” ती म्हणाली, “खरं शे.”

मग कुणीतरी चहा आणायला उठलं.