जाळीवरची झेंडूची माळ

खंडेनवमीला आमच्या शिरूरकडं सगळी यंत्रं धुऊनपुसून पुजतात. ट्रॅक्टर म्हणू नका, शिवणयंत्र म्हणू नका, विहिरीवरची मोटारसुद्धा. माझी पिठाची गिरणी. मोटारीचा पट्टा झाकणारी लोखंडी जाळी मी दरवर्षी स्वतः उतरवते, घासते, हळदकुंकू लावते आणि झेंडूची माळ घालून भिंतीला टेकवून ठेवते. माळ वाळेपर्यंत पुजलेली वस्तू हलवायची नाही, ही सासूबाईंची रीत. मी ती कधी मोडली नाही. मोडायला हवी होती.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी दारात डब्यांची रांग लागली. भाजणी, बेसन, अनारशाचं पीठ, दिवाळीची नुसती झुंबड. माझ्या हाताखाली आक्का होत्या. वयानं माझ्याहून मोठ्या, मांडवगणहून रोज एसटीनं यायच्या. सकाळीच त्यांनी विचारलं, "वैनी, जाळी बसवून घिऊ का?"

मी खेकसले, "अहो आक्का, माळ तरी वाळू द्या! आन् आत्ता गिरणी बंद केली तर ह्या बाया मला कच्ची खातील." बाया हसल्या. आक्काही हसल्या.

दुपारी सांडलेलं पीठ झाडताना आक्कांचा पदर पट्ट्यात गेला. तो सोडवायला त्यांनी हात घातला. मी धावत जाऊन बटण बंद करेपर्यंत उजव्या हाताची बोटं चेचून गेली होती. पुढचं माझ्यानं लिहवत नाही. भिंतीजवळच्या माळेतली फुलं अजून ताजीच होती.

दवाखान्यात बोटं काढावी लागली. हवालदार जबाब घ्यायला आले, तेव्हा माझं धाबं दणाणलं. कामगाराचा विमा नाही, नोंदणी नाही, काही म्हणजे काही केलेलं नव्हतं. दोन बायकांच्या गिरणीला कसला आलाय विमा, असं मीच तोऱ्यात म्हणायचे. मी खाटेजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "आक्का, जरा बघून सांगा हं."

एवढंच. खोटं बोला असं काही मी म्हटलं नाही, असं नंतर मी स्वतःला किती वेळा समजावलं! पण मनाला का कळत नाही?

आक्कांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि हवालदाराला म्हणाल्या, "जाळी म्याच काढली हुती, सायेब. झाडायला आडवी येत हुती. वैनींचा काय बी दोष न्हाई." मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढं आक्कांच्या मुलानं भरपाईसाठी पुण्याला कामगार कोर्टात अर्ज केला. मी आमच्या वकिलांकडं गेले. ते म्हणाले, "कामावर इजा झाली तर मालकाला भरपाई द्यावीच लागते. कामगाराची थोडीफार चूक असली तरी सुटका नाही. पण त्यानं सुरक्षेची जाळी मुद्दाम काढली असेल, तर गोष्ट वेगळी. आणि ही बाई तर स्वतःच सांगतीये, मी काढली म्हणून! तुम्ही गप्प राहा ताई. सुटलात."

सुटले म्हणे! घरी येऊन भाकरीला बसले, तर परातीतल्या पिठावर माझी धडधाकट पाचही बोटं उमटलेली. पीठ तसंच झाकून उठले.

कोर्टात आधी आक्कांची साक्ष झाली. त्यांचाच वकील काकुळतीला येऊन विचारत होता, "आजी, नीट आठवा, जाळी कुणी काढली?" हात पदराखाली धरून आक्का म्हणाल्या, "म्याच." मुलानं कपाळावर हात मारून घेतला.

मग माझी पाळी आली. त्याच वकिलानं तोच प्रश्न मला विचारला. आमच्या वकिलांकडं मी बघितलंच नाही. "मी काढली," मी म्हणाले. "त्या बसवू का म्हणत होत्या, मीच नको म्हटलं. आन् जबाबात त्या खोटं बोलल्या त्या माझ्यापायी."

बाहेर आल्यावर आमचे वकील म्हणाले, "आता निकाल तिच्या बाजूनं लागला म्हणूनच समजा," आणि तरातरा निघून गेले. जाईनात का! मला हलकं वाटत होतं. आक्का येऊन माझा हात धरतील, असंसुद्धा वाटलं, बघा माझा मूर्खपणा.

आक्का आल्या. मुलगा त्यांच्यामागं उभा होता.

"वैनी, हे तवाच का न्हाई बोललात?" त्या म्हणाल्या. "येडी बाई, सोत्ताच्या हातानं हात घालवून बसली, आसं ह्यो पोरगा मला रोज बोलला. म्या ऐकून घेतलं. आन् आज भर कोर्टात खोटी बी म्याच ठरले."



शिरूरच्या एसटीत मुलगा पुढं बसला होता. आक्कांच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती. मी जवळ गेले, तशी त्यांनी डाव्या हातानं मांडीवरची पिशवी उचलून त्या जागेवर ठेवली. मी शिरूरपर्यंत उभीच आले.