ब्रेकवरचा पाय

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचं उभं आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं. तिथे त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक असायचा. सवय इतकी मुरली की घरी सोफ्यावर बसूनही मास्तर जमीन दाबत. बायकोला लायसन्स मिळून जमाना झाला, पण घरची गाडीही तीच, जादा ब्रेकची; शेजारी नवरा बसला की ती मुंगीलाही वाट द्यायची.

मग मास्तर योगाच्या वर्गाला जाऊ लागले. तिथल्या बाई म्हणाल्या, "स्वतःकडे बाजूला बसून बघा. सुधारू नका, नुसतं बघा." बाजूला बसणं तर मास्तरांच्या हातचा मळ.

एका सकाळी बायकोने किल्ली उचलली. "दुकानापर्यंत मी चालवणार. तुम्ही ब्रेकला शिवायचं नाही."

"शिवतंय कोण? मी फक्त बघणार."

पहिल्याच वळणावर गाडी गचकन थांबली.

"ब्रेक कोणी दाबला?"

"पायाने," मास्तर शांतपणे म्हणाले. "आधी भीती आली, मग पाय गेला. मी सगळं नीट बघितलं."

"मग अडवला का नाहीत?"

"सुधारायचं नसतं गं."

बायकोने हात लांब करून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "बरं. तुम्ही आणि तुमचा पाय, दोघेही उतरा."

गाडी निघाली. चौकात समोरून टेंपो आला, तसा फुटपाथवर उभ्या मास्तरांचा पाय फरशीत रुतला. तिकडे बायकोने स्वतःच ब्रेक दाबला, टेंपोला जाऊ दिलं आणि झोकात वळण घेतलं.

मास्तर वाकून पायाला म्हणाले, "बघितलंस? तुझ्यावाचून तिचं काही अडत नाही."

तेव्हा कुठे पाय सैल पडला.