शंभरचा पिस्टन

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. शिवाय अकरा वर्षं डिझेलमध्ये हात घालून बोटांची सालं गेली आहेत, त्यामुळे पेन घसरतं. पण त्या दिवशी चूक माझी नव्हती, आणि ते कुठेतरी लिहून ठेवायचं आहे.

टेबलावर पिस्टन होता. बाजूला त्याचा नवा डबा, फाटलेल्या सीलसकट. आमचे मालक हसमुखभाई यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता आणि पार्टवाला शेठ त्यातून ओरडत होता. माल नवाच दिला होता, तुमच्या धुण्याच्या बाईने तो कॉस्टिकमध्ये बुडवला, आता परत घेणार नाही.

हसमुखभाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "कुसुमबेन, साचुं बोलजो. खरं सांगा, बुडवला?"

"नाही," मी म्हटलं. एवढंच. चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो, हा जुना रोग आहे. गॅरेजमध्ये सगळं गुजरातीत चालतं, ते मी इथे आपल्या भाषेत लिहिते. काही शब्द तसेच राहू देते.

माझं काम काय ते सांगते. वडोदऱ्यात निजामपुऱ्याला आमचं गॅरेज आहे. इंजिन खोललं की सगळे पार्ट माझ्याकडे येतात. मी ते डिझेल आणि ब्रशने धुते, पुसते, ट्रेमध्ये ओळीने मांडते. लोखंडी पार्ट फार जळलेले असले तर कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकायचे. ॲल्युमिनियमचे मात्र कधीच टाकायचे नाहीत. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि काळं करतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो.

आता खरी गोष्ट. कामाला लागले त्या पहिल्याच महिन्यात मी एक ॲल्युमिनियमचं कव्हर कॉस्टिकमध्ये टाकलं होतं. ते काळं, खरखरीत होऊन निघालं. त्याची भरपाई मी तेव्हाच दिली. पण हसमुखभाईंना तेवढं एक लक्षात आहे. त्यानंतर धुतलेली शेकडो इंजिनं त्यांच्या लक्षात नाहीत.

हा पिस्टन पवारभाऊंच्या गाडीसाठी होता. पवारभाऊ मांडवाच्या लाइटिंगचं काम करतात. गाडी त्यांच्या वडिलांची, फोर-स्ट्रोक मोटरसायकल, आणि ती बनवणाऱ्यांनी ती बनवणं कधीच बंद केलं आहे. सिलिंडर आतून घासला की लेथवर तो थोडा मोठा करतात, त्याला बोअर करणं म्हणतात. मग पिस्टनही तेवढाच मोठा लागतो. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर अशी मापं असतात. शंभर म्हणजे एक मिलिमीटर मोठा. त्यापुढे माप नाही. पवारभाऊंच्या गाडीचे आधीचे तिन्ही बोअर होऊन गेले होते, आता शंभरचाच पिस्टन हवा होता.

हसमुखभाईंनी राजकोट, अहमदाबाद, सगळीकडे फोन केले. कोणाकडे पिस्टन होता तर पिनचं भोक वेगळं. कोणाकडे भोक बरोबर तर उंची कमी. एकाने तर फोटो बघून विचारलं, "ही गाडी अजून चालते?" गाडी तीन महिने आमच्याकडे कोपऱ्यात उभी राहिली. शेवटी या शेठने कुठूनतरी आणून दिला. चार हजार दोनशे रुपये.

नवा पार्टही मी एकदा धुतेच. आतल्या धुळीने इंजिन खराब होतं. पिस्टनला खालच्या रिंगच्या खाचेत बारीक भोकं असतात, तेल परत जायला. त्या भोकांत ब्रश जात नाही. मी गोधडीच्या जाड सुईत पांढरा दोरा ओवते आणि भोकातून ओढते. पार्ट नवा असेल तर दोरा पांढरा बाहेर येतो.

या पिस्टनचा दोरा काळा आला. आठही भोकांतून काळा. तो कार्बन होता, जळलेल्या तेलाचा, दगडासारखा बसलेला. म्हणजे हा पिस्टन कोणत्यातरी इंजिनात चालून आला होता. वरून कोणी घासून चकचकीत केला, नव्या डब्यात घातला आणि सील लावलं. भोकांपर्यंत त्याचा हात पोचला नाही.

हे मी हसमुखभाईंना सांगितलं, म्हणून तर त्यांनी शेठला फोन केला होता. पिस्टनचं मापही थोडं कमी भरलं. त्यावरही शेठकडे उत्तर तयार होतं: कॉस्टिकने खाल्लं. काळं कशानं झालं? कॉस्टिकने. माप कशानं कमी झालं? कॉस्टिकने. मी कोण सांगणारी?

"दर महिन्याला सातशे कापीन," हसमुखभाई म्हणाले. "सहा महिन्यांत फिटेल. मी काही वाईट माणूस नाही, कुसुमबेन, एकदम कापत नाही."

दोन पगारांतून कापले. पाकिटात सातशे कमी निघाले की मला वाटायचं, या महिन्यात मी पुन्हा एकदा गुन्हा कबूल केला. तिसऱ्या महिन्यात ठरवलं, आता नाही. पण करायचं काय ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात हसमुखभाईंनी मला वाघोडियाला जाधवमामांच्या लेथवर पाठवलं. सोबत पवारभाऊंचा ब्लॉक, म्हणजे तो सिलिंडर, आणि त्यांचा जुना पिस्टन. ब्लॉकमध्ये लोखंडी नळी बसवून दुसऱ्या एखाद्या गाडीचा लहान पिस्टन चालेल का, एवढं विचारायचं होतं. शटल रिक्षात तो ब्लॉक फडक्यात बांधून मांडीवर घेऊन गेले. शेजारची बाई सारखी विचारत होती, बेन, आत काय शिजवलंय?

जाधवमामा आपल्यातले. त्यांच्याशी मराठीत बोलता येतं, म्हणून तिथे माझी जीभ सुटते. मामांनी ब्लॉक मोजायला घेतला. मी उभी होते. समोर भिंतीवर देवाचं फळकूट होतं, आणि गणपतीसमोर अगरबत्ती एका आडव्या पिस्टनच्या भोकात खोचलेली होती.

"मामा, तो पिस्टन कुठला?"

"कुठला? तो? तो देवाचा."

"देवानं गाडी कधी घेतली?"

"गॅरेजात राहून वांड झालीस तू." मामा हसले. "कुणीतरी बोअर करायला ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही देऊन गेला होता. वडोदऱ्यात दुकान होतं तेव्हाची गोष्ट. ब्लॉक घेऊन गेला, पिस्टन विसरला. परत आलाच नाही. बसवला देवापुढे."

"बघू का?"

"हात धुऊन घे."

"मामा, माझे हात डिझेलचे आहेत, ते जन्मभर तसेच राहणार."

मामांनीच पिस्टन खाली काढला. राखेने भरलेला होता. मी पवारभाऊंच्या जुन्या पिस्टनशेजारी तो ठेवला. उंची तीच. जुन्याची पिन त्यात घालून बघितली, पिन सरकत गेली. मामांनी मोजला आणि चष्मा वर केला.

"शंभर," ते म्हणाले.

मी सुई काढली. पहिल्यांदा राख निघाली, करडी. डिझेलच्या डब्यात बुडवून पुन्हा दोरा ओढला. पांढरा. दुसऱ्या भोकातून पांढरा. आठही भोकांतून पांढरा. राख धुतली जाते, जळलेलं तेल जात नाही. तो पिस्टन कधी इंजिनात गेलाच नव्हता.

"मला द्या," मी म्हटलं.

"देवाचा आहे म्हटलं ना."

"देवाला पितळेचा स्टँड आणते."

मामांनी मान डोलावली. "रिंगा मापावर मिळतील, त्या मी बघतो. ब्लॉक इथेच ठेव."

गॅरेजात परतल्यावर हसमुखभाईंनी पिस्टन हातात घेऊन चार वेळा फिरवला आणि पवारभाऊंना फोन लावला. दोघेही खूष. मी तिथेच उभी राहिले.

"हवे शुं छे?" आता काय, असं त्यांनी विचारलं.

"शेठच्या दुकानात चला."

"कशाला? काम झालं ना."

"तुमचं झालं. माझं नाही झालं."

हे मी कसं बोलले ते मला माहीत नाही. हसमुखभाईंनाही माहीत नसावं, कारण त्यांनी मुकाट स्कूटर काढली.

दुकानात गर्दी होती. मी काउंटरवर मामांचा आणि शेठचा, दोन्ही पिस्टन ठेवले. सुई काढली. दोरा काही नेढ्यात जाईना. शेठ हसला.

"चार चोपडी भणेली बाई मने शीखवशे?" चौथी शिकलेली बाई मला शिकवणार, असं तो सगळ्यांना ऐकवत म्हणाला.

"चारच चोपड्या शिकले," मी म्हटलं. "त्यात पिस्टन नव्हता. तो धुता धुता शिकले."

दोरा ओवला गेला. मामांच्या पिस्टनमधून पांढरा आला. शेठच्या पिस्टनमधून काळा.

"कॉस्टिक!" शेठ म्हणाला.

"मग दुसरा डबा खोला. तुमच्या शेल्फवरचा. तुमच्याच हातानं. मी त्याला हात लावलेला नाही."

शेठ शेल्फकडे वळला नाही. माल फुकट दाखवायला नाही, वेळ नाही, गिऱ्हाईक उभं आहे, बरंच काही बोलला. हसमुखभाई आता त्याच्याकडे बघत होते.

माझ्या शेजारी पादरा गावाकडचे एक शेतकरी काका उभे होते. त्यांच्या हातात नुकताच विकत घेतलेला पिस्टनचा डबा होता. तसाच नवा, तसंच सील. त्यांनी सील फाडलं आणि पिस्टन माझ्यासमोर धरला.

"बेन, मारो जुओ तो."

"काका, तुम्हीच ओढा," मी म्हटलं आणि सुई त्यांच्या हातात दिली.

काकांनी दोरा ओढला. मग तो वर उजेडात धरला. काळा. त्यांनी तो दोरा काउंटरवर ठेवला, शेठच्या बिलबुकावर, आणि म्हणाले, "पैसा पाछा आपो."

नंतर फार वेळ लागला नाही. मलाही पाठीमागून असाच माल आला, मी काय करणार, असं शेठ म्हणत होता आणि गल्ला उघडत होता. आधी काकांचे दिले. मग हसमुखभाईंचे, पूर्ण चार हजार दोनशे. मी माझी सुई मागून घेतली.

स्कूटरवर हसमुखभाई म्हणाले, "पूछवुं जोईतुं हतुं मारे." मी विचारायला हवं होतं, म्हणजे. पण त्यांनी विचारलं होतं, आणि मी उत्तरही दिलं होतं.

मामांनी पिस्टनच्या मापाने ब्लॉक बोअर केला. आधी पिस्टन हातात घ्यायचा, मगच बोअर करायचा, हा लेथवाल्यांचा नियम आहे. गाडी चौथ्या किकला सुरू झाली. पवारभाऊ तिच्यावर सीरिजच्या माळांचं पोतं बांधून गेले. मामांच्या गणपतीला मी पितळेचा स्टँड नेऊन दिला. मामा म्हणाले, पिस्टनमध्ये अगरबत्ती सरळ उभी राहायची.

एवढ्यातून शिकले ते एवढंच. सील बघून विश्वास ठेवू नये, आधी धुऊन बघावं.

पगाराच्या दिवशी पाकीट पूर्ण होतं. वर हसमुखभाईंनी हजार रुपये ठेवले.

"आधी चौदाशे कापले होते," मी म्हटलं.

"चारशे पुढच्या महिन्यात. जवा दो ने, कुसुमबेन."

मी जाऊ दिलं नाही. टेबलापुढे उभी राहिले. एक गिऱ्हाईक आलं, गेलं. दुसरं आलं. हसमुखभाईंनी दोन फोन केले. मग ड्रॉवर उघडला आणि शंभराच्या चार नोटा माझ्यापुढे ठेवल्या.

मी त्या त्यांच्यासमोर मोजल्या, पदराला हात पुसले आणि ट्रेकडे परत गेले.