नेको आणि नको

"चातोरा!" सुलभाताई निमकर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, तेव्हा माझ्या हातात शिऱ्याची तिसरी वाटी होती. हॉलंडमधल्या रायस्वाइकच्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती, भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल आणि माझ्या मागे भली मोठी रांग. एका अनोळखी बाईने भर रांगेत मला चटोरा म्हणावं, हे मला चांगलंच लागलं.

"अहो बाई, प्रसाद आहे तो," मी म्हणालो.

"चटोरा नव्हे हो, चातोरा. जपानी मांजराचा रंग आहे. चा म्हणजे चहा, तोरा म्हणजे वाघ. चहाच्या रंगाचे पट्टे असतात अंगावर. लाघवी, आळशी आणि खाण्यावर जीव." मग माझ्या वाटीकडे पाहून त्या म्हणाल्या, "म्हणजे अर्थ तोच निघाला म्हणा."

सुलभाताईंची माझी ओळख झाली ती अशी. पुढे कळलं की त्या माझ्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. पुण्यात त्यांनी वर्षानुवर्षं जपानी शिकवलं होतं. मग एका जपानी कंपनीच्या दुभाषी म्हणून पन्नाशीत हॉलंडला आल्या आणि निवृत्तीनंतर इथेच राहिल्या. मुलगी मृणाल आर्नहेमला, वीज कंपनीत इंजिनिअर. घरात तीन मांजरं, तिन्ही अस्सल जपानी. इथली नोकरी संपवून मायदेशी परतणाऱ्या जपानी कुटुंबांनी ती एकेक करून ताईंच्या पदरात टाकली होती.

त्या वारल्या त्याला आता चार महिने झाले. मंडळातले लोक अजून हळहळतात, "हुशार बाई, पण शेवटी शेवटी विसरायला लागली होती. दार उघडं टाकून गेली, मांजर पळालं, आठवतंय ना?" हे खोटं आहे. आणि ते खोटं माझं आहे. माझं आडनाव खरे आहे, आणि त्या प्रकरणात माझ्याकडे खरं म्हणण्यासारखं तेवढंच होतं.

पण आधी मांजरं, कारण मांजरांशिवाय ताई समजायच्या नाहीत.

मिके ही तिरंगी मांजरी: पांढऱ्या अंगावर काळी आणि तांबूस ठिगळं, सशासारखं आखूड शेपूट. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, आणि ताईंच्या मते "म्हणूनच तिला कुणाचं ऐकावं लागत नाही." लाड हवे असले की ती स्वतः येई. आपण गेलो तर पाठ. दुसरा हाचिवारे. हाचि म्हणजे आठ. जपानी आठाचा आकडा म्हणजे दोन बाजूंना उतरलेल्या दोन रेघा, छपरासारख्या. या बोक्याच्या काळ्या तोंडावर कपाळापासून पांढरा भांग तसाच दोन्हीकडे उतरलेला. तो दारात येऊन प्रत्येकाचं स्वागत करी, अगदी मीटर बघायला आलेल्याचंही. "याला मंडळाचा अध्यक्ष करा," ताई म्हणत, "भांग पाडलेला आहे आणि सगळ्यांत मिसळतो. अजून काय लागतं?"

तिसरा किजितोरा. तपकिरी अंगावर काळे पट्टे, शेपटाचं टोक किल्लीसारखं वाकडं. हा रंग रानमांजराच्या सगळ्यात जवळचा, म्हणून सावध, संशयी आणि शिकारी. मी वर्षभर त्या घरी चहा प्यायलो, पण किजितोराचे मला फक्त डोळे दिसले, तेही सोफ्याखालून. "जपानीत तोरा म्हणजे वाघ," ताई सांगत, "आणि मराठीत तोरा म्हणजे तोरा. मांजराच्या बाबतीत भाषांतराची गरजच नाही, खरे!"

माणसांनाही त्या असेच रंग लावत. "माणसाची जात विचारू नये, लव विचारावी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमचे डॉक्टर काळे-तांबूस मिसळलेले, साबी: "दिसायला गबाळा, पण डोकं सगळ्यांत तल्लख." नगरपालिकेच्या खिडकीवरची बाई मिके: "आपण नंबर घेऊन बसायचं, तिला वाटेल तेव्हा ती बघेल." आमचे खजिनदार कायम पांढऱ्या झब्ब्यात आणि फटाका वाजला तरी दचकणारे, म्हणून शिरो, म्हणजे पांढरा. त्यांना हे कळल्यावर त्यांनी निळा झब्बा शिवला. ताई म्हणाल्या, "बघा, घाबरला."

हसताना त्यांचा चष्मा नाकावरून घसरे आणि त्या तो न सावरता पुढचं वाक्य बोलत. त्यांच्याकडून निघालो की जिना चढताना मी एकटाच हसत असे. बायको गेल्यानंतर मी जिन्यात हसलो तो त्यांच्यामुळे.

मांजराला त्या मांजर म्हणतच नसत. जपानीत मांजर म्हणजे नेको, आणि घरात तोच शब्द चाले. यातून रोज गोंधळ होई. "ताई, चहा आणखी?" "नको." "नेको?" "अहो, चहा नको! नेको सोफ्याखाली आहे." हा विनोद आम्ही हजारदा केला असेल आणि हजारही वेळा हसलो. त्याच विनोदाने पुढे घात केला.

एका मे महिन्यात ताई चार दिवस मृणालकडे गेल्या. मांजरांचं खाणंपिणं माझ्याकडे. जाताना त्यांनी फ्रिजवर कागद चिकटवला, त्यांच्या त्रोटक पद्धतीचा:

बेडरूम – नेको
हॉल – नेको
रात्री दिवा – चालू
बाल्कनी – नको

म्हणजे बेडरूममध्ये आणि हॉलमध्ये मांजरांना मोकळीक, दिवा चालू, बाल्कनी नको. सरळ आहे. पण 'चालू'मधल्या दीर्घ ऊकाराचं शेपूट त्यांनी झोकात खाली ओढलं होतं, आणि ते नेमकं खालच्या ओळीतल्या 'न'च्या डोक्यावर येऊन बसलं. मी चष्मा वर ठेवून आलो होतो. मी वाचलं: बाल्कनी – नेको. वा, म्हटलं, बिचाऱ्यांना ऊनही मिळतंय. कडी काढली आणि दार सताड उघडलं.

मिकेने ऊन पाहिलं आणि पाठ फिरवली. हाचिवारे शेजाऱ्यांचं स्वागत करायला कठड्याशी गेला. आणि वर्षभर ज्याचे फक्त डोळे पाहिले होते तो किजितोरा सोफ्याखालून सबंध निघाला, माझ्या दोन पायांमधून गेला, कठड्यावरून समोरच्या झाडावर आणि झाडावरून हॉलंड देशात.

मी वर जाऊन चष्मा आणला. कागद पुन्हा वाचला. ती मात्रा नव्हती.

आता ऐका. मी सगळं आयुष्य एका पंपांच्या कारखान्यात तपासनीस होतो. झडपा बंद आहेत की नाहीत हे बघून सही करायची, हे माझं काम. आणि फोनवर ताईंनी "बाल्कनी उघडी होती का हो?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मी आलो तेव्हा उघडीच होती, ताई."

"उघडीच?" त्यांनी विचारलं. मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडूनच राहिलं असेल हो." कागद मी घडी करून खिशात टाकला.

किजितोरा नवव्या दिवशी सापडला. आठवडी बाजारातल्या हेरिंग मासे विकणाऱ्याच्या गाडीखाली, चांगला लठ्ठ होऊन. मासेवाल्याने त्याचं नाव पीट ठेवलं होतं आणि द्यायला तयार नव्हता. "पीट माणसांत रमणारा आहे," तो डचमध्ये म्हणाला. ताई हसून हसून कोलमडल्या. "माझ्याकडे रानटी आणि मासेवाल्याकडे लाघवी! याने रंग बदलला की काय?" बाजारात आम्ही सगळे हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी. त्याच वेळी सांगता आलं असतं. मांजर सापडलं होतं, माणसं हसत होती, गुन्हा मात्रेएवढा होता.

पण मृणाल हसत नव्हती. "आई, आज बाल्कनी, उद्या गॅस," ती म्हणाली. त्या आधीच्या महिन्यात ताईंना चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. तो माझाही सापडतो, पण माझी मुलगी आर्नहेमला नाही. दोन महिन्यांत ताईंचं घर सोडलं गेलं. मिके आणि मासेवाल्याकडून परत मिळवलेला पीट त्यांच्याबरोबर मृणालकडे गेले, हाचिवारे एका शेजारणीकडे. सामान भरायला मी मदत केली. खोक्यांवर चिकटपट्टी लावत होतो आणि तोंडालाही लावल्यासारखा गप्प होतो.

दीड वर्षाने मी आर्नहेमला गेलो. चकल्या घेऊन गेलो होतो. ताईंनी डबा घेतला, पण माझ्या खाण्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ऑनलाइन जपानीचे वर्ग त्यांनी बंद केले होते. "शब्द आठवला नाही तर मुलांपुढे शोभा." मग त्यांनी मोबाइल काढला. मला वाटलं, मांजरांचे फोटो. पण ते दारांचे होते. घराबाहेर पडताना, झोपताना, त्या प्रत्येक कडीचा फोटो काढत. "हे बघा, बंद. हे मंगळवारचं, बंद. हेही बंद." शेकडो बंद दारं, आणि त्या मला एकेक दाखवत होत्या, तपासनिसाला दाखवावीत तशी.

माझ्या तोंडून निघून गेलं. "ताई, ते दार बंद होतं. मी उघडलं. मी नको ऐवजी नेको वाचलं."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "परत बोला."

मी परत बोललो.

"म्हणजे मी कडी लावली होती?"

"लावली होती."

"मला आठवत होतं!" त्या उभ्याच राहिल्या. "कडी लावली आणि एकदा ओढूनसुद्धा पाहिली. मला स्पष्ट आठवत होतं हो! मला वाटलं, आठवतंय हाच भ्रम." आणि मग जिन्याकडे तोंड करून त्या अशा ओरडल्या की मिके कपाटावर गेली: "मृणाऽल! खाली ये! खरे खोटं बोलले!"

मृणाल आली. मी तिसऱ्यांदा सांगितलं. जावई रुबेन बागेतून आला, तेव्हा ताई म्हणाल्या, "आता डचमध्ये." माझं डच कारखान्यातलं. मी म्हणालो, "द दूर वास दिख्त." दार बंद होतं. रुबेनने विचारलं, कुठलं दार? ताईंना हसू आवरेना. त्या डोळे पुसत होत्या, चष्मा घसरला होता, त्यांनी चकलीचा डबा उघडून एक चकली मोडली आणि मला दिली नाही.

हसणं ओसरल्यावर मात्र त्या शांतपणे म्हणाल्या, "मांजर पळवलंत त्याचं काही नाही, खरे. तुम्ही माझं डोकं पळवलंत. दीड वर्ष."

"माफ करा, ताई."

"ते बघू नंतर. आधी मंडळात सांगा. सगळ्यांसमोर."

मी म्हणालो, येत्या गणपतीत सांगतो. त्या गणपतीत सांगितलं नाही. मोदक वाढत होतो.

ताईंनी थांबून राहायचं सोडलं होतं. मी कबूल केल्यापासून तीन महिन्यांत त्यांनी ग्रोनिंगनला स्वतःचं घर घेतलं, भाड्याचं, चौथ्या मजल्यावर, मोठ्या बाल्कनीचं. मृणालने विरोध केला तर म्हणाल्या, "तुला काही विचारायचं असेल तर जपानीत विचार." तिथल्या विद्यापीठातली मराठी मुलं त्यांच्याकडे जपानी शिकायला येत, त्यांना पहिल्याच दिवशी रंग मिळे. चौदा महिने त्या तिथे राहिल्या आणि एका सकाळी झोपेतच गेल्या. चौदा महिने म्हणजे पुष्कळ, असं मृणाल मला समजावते. मी मात्र त्याला मधलं दीड वर्ष जोडून बघतो.

माफीचं त्यांनी शेवटपर्यंत बघितलं नाही. मी फोन केला की विचारत, "सांगितलंत का मंडळात?" आणि नाही म्हटलं की हवापाण्यावर बोलत.

शोकसभेत अखेर मी उभा राहिलो. मात्रेपासून मासेवाल्यापर्यंत सगळं सांगितलं. माइक मी उलटा धरला होता, हे मला मागाहून कळलं. शिवाय निम्मे लोक तोवर चहाला गेले होते.

तर चहाला गेलेल्यांनी कृपया वाचावं. बाल्कनीचं दार सुलभाताई निमकरांनी स्वतः बंद केलं होतं. कडी लावली होती, आणि एकदा ओढूनही पाहिली होती.