बंतु आणि बंद

म्हादूअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावात, खडेबाजारात चष्म्याची काच बदलून घेत होतो. फोन त्याच्या पुतण्याचा होता. "काका, अण्णा गेलं. चहा पिता पिता गेलं." मी दुकानदाराला म्हटलं, राहू दे, जुनीच काच बसवा, आणि तसाच निपाणीची गाडी धरली. वाटेत रडू आलं नाही, राग आला. अण्णानं मला न विचारता काही केलं की मला राग यायचा, तो शाळेपासूनच. तो माझ्याहून दोन इयत्ता पुढे होता, आणि पुढे असल्यासारखाच शेवटपर्यंत वागला... आता तीन आठवडे झाले. राग थोडा निवळलाय, म्हणून लिहायला बसलो.

अण्णा लाईनमन होता. निपाणीच्या आसपासच्या सात-आठ गावांत असा खांब नसेल ज्यावर तो चढला नाही. चढण्याआधी हातातलं कडं आणि गळ्यातली साखळी काढून खिशात घालायची, खिशाचं बटण लावायचं आणि मगच वर बघायचं, ही त्याची शिस्त. कोल्हापूरकडचे पाहुणे "लाईट गेली" म्हणाले की तो मुद्दाम विचारायचा, "कुणाबरोबर गेली?" आमच्याकडे लाईट जात नाही, करंट जातो. कानडीतही करंटच जातो आणि करंटच येतो, त्यामुळे त्याच्या कामाची भाषा निम्मी मराठी, निम्मी कानडी आणि मध्ये इंग्रजी अशी झाली होती. तो तिन्हींत सारख्याच चुका करायचा.

मग ते टंचाईचं वर्ष आलं. पावसानं दगा दिला, धरणं तळाला गेली. बोर्ड मोडून कंपन्या केल्या, वीज ही बाजारातून विकत घ्यायची वस्तू झाली, तेव्हा आता तुटवडा म्हणून राहणार नाही असं आम्हाला सांगितलं होतं. प्रत्यक्षात दोष द्यायला माणसं तेवढी वाढली. राज्यातले म्हणत, केंद्र कोळसा देत नाही. केंद्रातले म्हणत, राज्यानं वेळेवर खरेदी केली नाही. सत्तेवरचे म्हणत, आधीच्यांनी खासगी कंपन्यांशी भलते करार करून ठेवले, आणि आधीचे म्हणत, आमच्या काळात असं नव्हतं. आमच्या भागात त्यावर आणखी एक खापर तयार असायचं, मराठी गावांचाच करंट मुद्दाम तोडतात. मी तेव्हा एका दैनिकाचा निपाणीचा वार्ताहर होतो आणि हे सगळं इमानेइतबारे छापत होतो. शेतीच्या मोटारींचा थ्री फेज सात तासांवरून चार तासांवर आला, तोही कधी पहाटे, कधी भर दुपारी. लोक मंत्र्याला कुठे गाठणार? ते खांबाखाली उभ्या असलेल्या अण्णाला गाठत. शिव्या ऐकून घेऊन तो म्हणे, "व्हय, मीच खाल्ला करंट. लई गोड लागतो."

अशाच एका दुपारी चिकोडी रस्त्याला तुटलेली तार जोडायला तो खांबावर चढला. चढण्याआधी त्यानं लाईन बंद करून घ्यायला सबस्टेशनला फोन केला होता. वर गेला, हात लावला आणि फेकला गेला. लाईन चालू होती. कमरेच्या पट्ट्यानं लोंबकळत राहिला म्हणून वाचला, पण उजवा हात भाजला आणि दोन बोटं काढावी लागली. सबस्टेशनवर त्या दिवशी बसवराज नावाचा ऑपरेटर होता, धारवाडकडचा, नवीनच बदलून आलेला. एवढी माहिती मला पुरेशी वाटली. दुसऱ्या दिवशीच्या अंकात माझी बातमी आली, "मराठी गावाच्या लाईनमध्ये मुद्दाम करंट सोडला?" शेवटचं प्रश्नचिन्ह ही आम्हा वार्ताहरांची पळवाट. सकाळी चाळीस-पन्नास माणसं तो अंक हातात घेऊन सबस्टेशनच्या फाटकावर गेली. बसवराजला मागच्या बाजूनं काढावं लागलं.

त्याच दिवशी दुपारी दवाखान्यात पुढाऱ्यांची रीघ लागली. मी वही घेऊन कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. एक जण म्हणाला, "सरकारनं माणसं भरली नाहीत म्हणून हे झालं, असं सांगा." दुसरा जवळ सरकला. "घाबरू नका. ऑपरेटर कानडी आहे, त्यानं जाणूनबुजून केलं, एवढंच म्हणा. पुढचं आम्ही बघतो." अण्णा म्हणाला, "चूक माझ्या कानाची हाय. करंट बंद हाय का, म्हणून मी इचारलं. त्यो म्हणाला 'बंतु'. मला ऐकू आलं 'बंद'."

कानडीत बंतु म्हणजे आला. शेजारच्या कॉटवरचा पेशंट फसकन हसला आणि त्याच्या मागोमाग सगळा वॉर्ड. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला. हसण्यावारी गेलेल्या गोष्टीवर मोर्चा निघत नाही. सगळे गेल्यावर अण्णा माझ्याकडे वळला. "विलास, ते प्रश्नचिन्ह लई लहान पडलं बघ." तेवढंच. मला तोंड लपवावंसं वाटलं.

चौकशीत अण्णावर निष्काळजीपणाचा ठपका आला आणि बढती कायमची थांबली. पुन्हा खांबावर चढू दिलं नाही, रिटायर होईपर्यंत सबस्टेशनवर फोन घ्यायला बसवलं. बसवराज बदली मागून धारवाडकडे गेला. बंतु आणि बंदची गोष्ट मात्र तालुकाभर झाली. लग्नात सांगितली जायची, पंगतीत सांगितली जायची. सीमाभागातल्या भाषेवर बोलायला मला कुणी बोलावलं तर माझीही सुरुवात त्यानंच व्हायची. अण्णा समोर बसलेला असला तरी मी सांगायचो, आणि तोही सगळ्यांबरोबर हसायचा...

बाराव्याला बसवराज आला. केस पांढरे झालेले, त्यानं नाव सांगेपर्यंत मी ओळखलंच नाही. जेवणं झाल्यावर आम्ही घरामागच्या परड्यात बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "अण्णाच्या कानानं तुम्हाला वाचवलं."

"अण्णाचा कान बरोबर होता, सर," तो म्हणाला. "मी बंतु म्हणलोच नाही. बंद म्हणलो, मराठीत. अण्णानंच शिकवलं होतं." सलग दुसरी पाळी चालू होती, बदलीला माणूस नव्हता, सकाळपासून वरून तीनदा वेळापत्रक बदललं होतं. या गावाची लाईन बंद करायची ती त्यानं त्या गावाची केली. माणसं फाटकावर आली त्या सकाळी कबूल करायला तो अंगावरच्या कपड्यांनिशी दवाखान्यात गेला, पुढारी येण्याआधी. "अण्णानं एकच विचारलं, घरात कोण कोण हाय? मग म्हणाले, कुणी इचारलं तर बंतु म्हणालो म्हण. आपल्याकडं कुणीबी मानंल."

आणि आम्ही मानलं. ती चूक आमच्या इतकी अंगवळणी पडलेली होती की तपासून बघावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

बसवराज अजून घरातलं पंख्याचं बटण बंद करतानाही आधी बोट टेकवून "पंखा" असं मोठ्यानं म्हणतो. नातवंडं हसतात. हे सांगताना तो रडत होता. जाताना म्हणाला, "मी रिटायर झालो आता, सर. आता छापा. नाव घालून छापा."

अण्णाची बायको सुमनवहिनी कप गोळा करत होत्या. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग मला का न्हाय सांगितलं त्यानं? इतकी वर्षं?"

त्यांनी माझ्या हातातला कप घेतला. आवाजात राग नव्हता.

"तुमी तवाबी छापलं असतं की, भावजी."