सायकमोरच्या मागचा डोह

व्हर्लन टॅकेटला माणसं आवडत नाहीत, असं गावात सगळे म्हणायचे. साफ खोटं! त्याला माणसं फार आवडायची. फक्त त्याच्या घरी कुणी येत नसे, आणि आपण होऊन कुणाच्या दारात उभं राहणं त्याच्या जिवावर यायचं. मग करायचं काय? माणसांना होडीत घालायचं आणि नदीवर न्यायचं. मधूनच उठून जाणार कुठे बिचारी!

मासे कुठे लागतात ते गिऱ्हाइकांना दाखवून देणं हा त्याचा धंदा. मार्चमध्ये पांढरा बास मासा धरणाच्या तलावातून नदीत वर चढायला लागतो. आधी नर, मागून अंड्यांनी फुगलेल्या माद्या. डॉगवूडची झाडं फुलून झडेपर्यंत हा खेळ चालतो, आणि तेवढे दिवस आर्कान्सॉभरातून कुटुंबंच्या कुटुंबं त्याच्याकडे येतात. त्यातलं स्टॅन्सिल कुटुंब त्याचं विशेष लाडकं. गॅरेट, त्याची बायको डार्ला, आणि त्यांची टेसी. टेसी आईच्या मांडीवर बसून यायची तेव्हापासून मार्चमधला एक शनिवार त्यांचा ठरलेला. त्या दिवशी दुपारी व्हर्लन दगडगोट्यांच्या काठावर चूल मांडायचा, मासे मक्याच्या पिठात घोळवून तळायचा, आणि चौघं एकाच तव्यातलं खायची. त्याची बायको ओलीटा गेल्यापासून कुणाबरोबर बसून जेवायचा वर्षातला तेवढा एकच दिवस. एरवी तो सिंकपाशी उभ्यानंच चार घास पोटात ढकलायचा.

यंदा नेमकं त्या शनिवारी आकाश फिरलं. उत्तरेचा बोचरा वारा, पाणी गढूळ. सकाळ सरत आली तरी एक मासा म्हणून लागेना.

"व्हर्लन, मासे सुट्टीवर गेलेत का हो?" गॅरेट म्हणाला.

"तुझी बडबड थांबली की येतील परत."

डार्ला हसली. टेसी मात्र हसली नाही. तिची बोटं गारठून लाल झाली होती. पुढच्या वळणावर एक म्हातारा आपल्या होडीतून एकामागून एक मासे काढत होता. ती चटकन उभी राहिली.

"मिस्टर व्हर्लन, तिकडे चला ना! त्यांच्या शेजारी!"

"अजिबात नाही. खाली बस आधी. नदीवर जो आधी आला, त्याची जागा. आपण मोटार हळू करायची, लांबून वळसा घालायचा, आणि त्याची होडी हलेल अशी लाट उठू द्यायची नाही. कळलं?"

"आणि कुणी आपल्या जागेवर आलं तर?"

"तर तू सांगायचं, आम्ही आधी आलोय. तो गुमान जाईल."

टेसीनं मान हलवली, पण डोळे भरून आले होते. गॅरेटनं कॉलर वर केली. "पुढच्या वर्षी सरळ समुद्रावर जाऊ झालं," तो डार्लाला म्हणाला. हळूच म्हणाला, पण होडी ती केवढी! व्हर्लनला ऐकू गेलं. हा शनिवार गेला तर उरलं काय?

म्हणून त्यानं ते केलं. ओढ्याच्या तोंडाशी सायकमोरचं एक भलंमोठं झाड आडवं पडलंय. त्याच्यामागचा डोह ओलीटानं शोधला होता. "गिऱ्हाइकांना नाही हं दाखवायचा," तिनं बजावलं होतं, "हा आपला." तो तिथे एकटाच जायचा, तोही कधीमधी, तिच्याशी बोलायला. आज त्यानं होडी त्या फांद्यांमधून आत घातली. रागावू नकोस गं बाई, तो मनात म्हणाला, ही गिऱ्हाइकं नाहीत.

पहिल्याच फेकीला टेसीच्या गळाची काठी वाकली. मग काय विचारता! चांदीसारखे चमचमते मासे, एक काढला की दुसरा. पोरगी किंचाळत होती, डार्ला तिची कंबर धरून हसत होती. गॅरेटनं फोन काढला होता आणि त्यावर काहीतरी टिपत होता. फोटो काढतोय पोरीचे, व्हर्लनला वाटलं. त्याला मनापासून बरं वाटलं.

दुपारी त्यानं माशांच्या तुकड्यांवरची उग्र लागणारी लाल पट्टी नेहमीसारखी कापून टाकली, बटाटे तळले, टेसीला सगळ्यात कुरकुरीत तुकडे दिले. निघताना त्यानं विचारलं, "मग, पुढच्या मार्चला हाच शनिवार?"

"बघू या. कळवतो," गॅरेट गाडीच्या किल्ल्या शोधत म्हणाला. डार्लानं व्हर्लनला मिठी मारली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

पुढच्या शनिवारी येणाऱ्या गिऱ्हाइकानं ऐनवेळी नाही म्हणून कळवलं. व्हर्लननं ओलीटाची काठी घेतली आणि एकटाच निघाला. तिची माफी मागायची होती. वर डोंगरात पाऊस झाला होता, नदीला चांगलीच ओढ होती. सायकमोर दिसायला लागला तसं त्याला फांद्यांच्या आड काहीतरी लाल दिसलं. कोरी करकरीत होडी. पुढे एक छोटी मुलगी काठी घेऊन उभी.

सूर्य व्हर्लनच्या पाठीशी होता. मुलीनं डोळ्यांवर हात धरला आणि खणखणीत आवाजात ओरडली, "ओ मिस्टर! आम्ही आधी आलोय!"

व्हर्लननं मोटार बंद केली. छातीत असं काही दुखलं की क्षणभर त्याला वाटलं, आपलं वय झालं.

"अय्या, मिस्टर व्हर्लन!" टेसीनं ओळखलं. "बाबांनी होडी घेतली! आणि ही जागा फोनमध्ये होती!"

गॅरेट गळाच्या रिळाकडे बघत होता, जणू त्यात केवढा गुंता झालाय. "तुम्हाला सांगणारच होतो," तो म्हणाला.

"हो. चांगली आहे होडी."

"या ना, बाजूला लावा," डार्ला म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. व्हर्लन गॅरेटकडे बघत राहिला. त्यानं एकदा नुसतं "या" म्हटलं असतं, तरी तो गेला असता. लाज सोडून गेला असता. गॅरेटनं पुन्हा रिळात डोकं घातलं.

तेवढ्यात व्हर्लनची नजर नांगराच्या दोराकडे गेली. दोर मागच्या बाजूला बांधला होता, आणि मागच्या काठाला पाणी टेकत आलं होतं.

"गॅरेट! दोर सोड तो! पुढच्या टोकाला बांध. असा बांधलास तर पाणी मागून आत येईल आणि तिघंही जाल. ऊठ, आत्ता!"

गॅरेट धडपडत उठला. त्याची गाठ नीट बसेपर्यंत व्हर्लन तिथेच थांबला. होडीचं नाक प्रवाहाकडे वळलं, मागचा काठ वर आला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"मिस्टर व्हर्लन," टेसीनं विचारलं, "मी बरोबर सांगितलं ना? आधी आलो म्हणून?"

"अगदी बरोबर सांगितलंस, पोरी."

त्यानं मोटार अगदी हळू सुरू केली आणि लांबून वळसा घातला. त्यांची होडी हलत तर नाही ना, म्हणून एकदा मागे वळून पाहिलं. हलत नव्हती. टेसीनं हात वर केला, पण तेवढ्यात तिच्या गळाला मासा लागला आणि तिनं पाठ फिरवली. ओलीटाची काठी पायाशी पडून होती, आणि आता तिची माफी मागायलासुद्धा त्याला जागा उरली नव्हती.