तेलविहिरीवरचं पाणी

नागपूरहून सौंसरला येणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मूळची रामाकोन्याची, गुजरातेत तेलविहिरीवर कामाला. बोलताना तिचे हात हवेतच टाक्या आणि पाइप जोडत होते.

विहीर खोदताना निघणारं तेलकट, खारट पाणी टँकरनं बाहेर जायचं आणि वाटेत शेतांत सांडायचं. शेवटी गावकऱ्यांनी रस्ताच अडवला. काम बंद पडलं. तेव्हा तिनं ते पाणी विहिरीपाशीच साफ करायचा प्लांट उभा केला. सुरुवातीला पाणी काळंच यायचं, साहेब हसायचे. एका सकाळी ते नितळ आलं आणि खोदकामाला पुन्हा तेच वापरलं गेलं.

"मंग गाववाले?" मी विचारलं.

"आता तेच पाव्हण्यांना आमचा प्लांट दाखवून राहिले, भाऊ!" ती म्हणाली आणि अख्खी बस वळून पाहील इतक्या मोठ्यानं हसली.